जोडप्यानेच हजर राहावे

नाशिक, ३ डिसेंबर २०२३

व्याहीबुवा सावळीराम यांना हिरामणचा रामराम.

फुकट मिळालेल्या दोन रात्री मला किती पडल्या ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं पत्र तुम्ही नीट वाचाल. कूपन फुकट. ते ज्या शेती प्रदर्शनात भरलं तिथलं पार्किंग पन्नास रुपये. कंपनीच्या बाईशी फोनवर बोलत बसलो तेवढ्यात दिंडोरीचं एक गिऱ्हाईक द्राक्षबागेच्या तारेचा भाव विचारून शेजारच्या दुकानात गेलं, त्याचे चार हजार धरा. खोली फुकट पण खोलीवरचा कर आपला, अठराशे. हर्षलला धरणाच्या वाऱ्यात घालायला नवीन स्वेटर, सातशे. झाले साडेसहा हजार आणि वर पन्नास. फुकट हा माल मी आयुष्यात पुष्कळदा घेतला, स्वस्त कधी मिळाला नाही.

तुम्ही म्हणाल, फोन का नाही केला. तर तुम्ही इंजिनावर उमर काढून कान गमावले, आणि आता फोनचा आवाज इतका मोठा ठेवता की मी नाशिकहून बोललेलं मनमाडच्या फलाटावर कळतं. सायली घरातच असते. म्हणून पोस्टाची आठवण झाली.

गोष्ट अशी. धरणाच्या कडेला एका कंपनीचं रिसॉर्ट आहे. एकदा मोठी रक्कम भरायची आणि पंचवीस वर्षं दरवर्षी एक आठवडा त्यांच्याकडे जाऊन राहायचं, असा त्यांचा धंदा. गिऱ्हाईक गळाला लागावं म्हणून आधी दोन रात्री फुकट ठेवतात. बदल्यात दीड तास बसून त्यांचं म्हणणं ऐकायचं. ऐकून नाही म्हटलं तरी चालतं. मात्र एक अट पक्की आहे, त्या बाईने तीनदा बजावलं. विवाहित जोडप्यानेच हजर राहावे. दोघांनी एका टेबलावर, शेजारी शेजारी. एकटा आला तर खोलीचं पूर्ण भाडं.

ही अट ऐकली आणि माझ्या डोक्यात दिवा लागला. सायली गेल्या वर्षीच्या दिवाळीला चार दिवस म्हणून माहेरी गेली, ती तुमच्याकडेच आहे. तुम्ही, मी, विहीणबाई, आमची उज्वला, सगळ्यांनी मिळून या दोघांना एका जागी बसवता आलं नाही. ही कंपनी एका अटीत बसवते.

भांडण झालं असतं तर मी मिटवलं असतं. तार ओढणारा मजूर होतो तेव्हापासून बांधावरची भांडणं मिटवत आलो. पण यांच्यात भांडणच नाही. हर्षलला विचारलं की म्हणतो काही नाही बाबा. सूनबाईला उज्वलाने विचारलं तर ती म्हणाली काही नाही आई. काही नाही, तर मग सात वर्षांचा संसार दोन गावांत का? परवा हर्षल आईपाशी वकिलाचं बोलला. मी पलीकडच्या खोलीत होतो, मला ऐकू आलं. वकिलाची पायरी चढायच्या आत हे जमलं पाहिजे, व्याहीबुवा. नंतर आपण दोघे नुसते साक्षीदार.

तेव्हा शनिवारी १६ तारखेला सायलीला पाठवा. कूपन तिच्याच नावावर निघालंय असं सांगा, बायकांना नशिबाचं अप्रूप असतं.

तुमचा,
हिरामण

*

मनमाड, ९ डिसेंबर २०२३

रा. हिरामणराव यांस,

पत्र पोचले. दोनदा वाचले.

कूपन तिच्या नावावर निघाले असे मी सांगितले नाही. मला खोटे बोलायला जमत नाही. समोरच्याचे उत्तर ऐकू येत नाही, मग खोटे पुढे नेता येत नाही. जे आहे ते सांगितले. सासऱ्यांनी खोली घेतली आहे, हर्षल येतो आहे, तुला जायचे तर जा.

तिसऱ्या दिवशी मी अंगणात दाढी करत होतो तिथे आली आणि माझ्या उजव्या कानाशी वाकून तिने एकच विचारले. "आम्ही दोघंच असू का?"

मी हो म्हणालो. तुमच्या वतीने म्हणालो. तेव्हा तो शब्द आता तुमचा आहे.

ती शनिवारी दुपारच्या गाडीने येईल. हर्षलने नाशिक रोडला उतरवून घ्यावे. एकट्याने. तुम्ही गाडीत बसून चौकात उतरतो वगैरे करू नये, असे आमच्या मंडळींचे, नवसाबाईचे, सांगणे आहे. ती तुम्हाला ओळखते.

लोभ असू द्यावा.

सावळीराम

*

नाशिक, २० डिसेंबर २०२३

व्याहीबुवा,

आधी तोंड गोड करा, मग वाचा.

शब्द पाळला. हर्षल स्टेशनवर एकटा गेला, गाडी धुऊन गेला. मी त्या खोलीकडे फिरकलो नाही, फोनसुद्धा केला नाही, उज्वलाने माझा फोन पिठाच्या डब्यावर ठेवला होता. शनिवार असा गेला.

आता रविवारचं. मी प्रदर्शनात कूपनं दोन भरली होती. दुसरं माझ्या आणि उज्वलाच्या नावाचं. कंपनीला साठीच्या आतलं जोडपं चालतं, मी काठावर का होईना बसतो. आमचंही लग्न झालेलंच आहे. खोली नको म्हटलं, नुसतं ऐकायला येतो. आता हॉलमध्ये शंभर माणसं, त्यात आम्ही दोन म्हातारी. याला काही मध्ये येणं म्हणत नाहीत. उज्वला यायला तयार नव्हती. मी म्हटलं भेटवस्तू म्हणून कुकर देतात. तरी ती तोंड पाडूनच आली.

हॉल बघण्यासारखा. गोल टेबलं, प्रत्येक टेबलावर एक जोडपं आणि एक विकणारा. मोठ्याने गाणी लावलेली. कुणी सही केली की घंटा वाजते, सगळे टाळ्या वाजवतात आणि माईकवरून कुटुंबाचं अभिनंदन होतं. मी उज्वलाला म्हटलं, गाणी कशाला ते कळलं का? या टेबलावरचं नाही त्या टेबलाला ऐकू जाऊ नये म्हणून. मी सिन्नरच्या बाजारात भाजी विकायचो तेव्हा उलट होतं, एकीने पालक घेतला की दहाजणींना ऐकू जाईल असं ओरडायचो. धंदा तोच.

पण गाणी लावून माझे कान बंद होत नाहीत. पोरं तीन टेबलं सोडून होती, मध्ये प्लास्टिकचं झाड, मी झाडामागे. आमच्या टेबलावर साधना नावाच्या मॅडम होत्या, त्यांना मी डाव्या कानाने हो हो करत होतो.

पोरांसमोर समर्थ म्हणून एकजण होता, कोट घातलेला, जिभेवर खडीसाखर. त्याने विचारलं मागच्या सुट्टीत कुठं गेला होता सर. हर्षल म्हणाला वणीला. त्याच्या आधी? जेजुरी. दोघंच का? नाही, घरचे सगळे, जीप केली होती. मला बरं वाटलं. पोरगा घरच्यांचं नाव काढतो. मग त्याने सूनबाईला विचारलं, मॅडम, तुम्हाला कुठं जायला आवडेल? समुद्र, डोंगर, जंगल? सूनबाई म्हणाली कुठंही चालेल, दाराला आतून कडी पाहिजे. आता बाई माणूस, परका मुलूख, सुरक्षितता बघणारच. मुलीला वळण चांगलं आहे, हे मी लग्नाच्या बोलणीतच म्हणालो होतो.

मग समर्थने कागदावर हिशेब मांडला. पंचवीस वर्षांत हॉटेलात किती जातील, इथं किती वाचतील. असा हिशेब मीही गिऱ्हाईकाला ठिबकचा मांडून देतो, त्यात वाचतात ते पैसे कुणाच्या खिशात कधी दिसत नाहीत. शेवटी त्याने पेन पुढे केलं आणि त्यांचा ठरलेला प्रश्न विचारला. साधना मॅडमनी आम्हालाही विचारला होता.

"सर, असे निर्णय तुम्ही दोघंच घेता ना?"

हर्षल काय म्हणाला असेल? म्हणाला, "बाबांना विचारून सांगतो."

व्याहीबुवा, त्या कोटवाल्याचं तोंड तुम्ही बघायला हवं होतं. दीड तासाची मेहनत एका वाक्यात पाण्यात. मॅनेजर आला, भाव पाडला, आजच्या दिवसापुरता, मग आत्ताच्या तासापुरता. हर्षल ढिम्म. माझ्या हर्षलने मला विचारल्याशिवाय आजवर कशावर सही केलेली नाही, कुरिअरच्या पावतीवरसुद्धा नाही. लाखाच्या सूटबुटातली माणसं त्याला हलवू शकली नाहीत. असा पोरगा कमवायला बापाला फार वर्षं लागतात.

आणि खरी बातमी पुढे. तो तसं म्हणाला आणि सूनबाई हसली. मोकळं हसली, गाण्याच्या वरून मला ऐकू आलं. वर्षभर तिचं हसू ऐकलं नव्हतं. उज्वलाला कोपराने ढोसलं, तर ती टेबलक्लॉथकडे बघत बसलेली. मी म्हटलं जमलं, कुकर नाही दिला तरी चालेल.

सायली त्याच दिवशी दुपारी मनमाडला निघाली, दुसरी रात्र राहिली नाही. कपडे आणायला गेली असणार, सव्वा वर्षाचे कपडे म्हणजे दोन बॅगा तरी होतील. हर्षल अजून काही बोलत नाही, लाजतो. गाडी कधी पाठवू ते कळवा. अमावास्या तेवढी टाळू.

आनंदात असलेला,
हिरामण

*

मनमाड, ७ जानेवारी २०२४

रा. हिरामणराव यांस,

उत्तराला उशीर झाला. चार वेळा लिहायला बसलो.

गाडी पाठवू नका.

सायलीने आईला सांगितले आणि नवसाबाईने मला कानाशी ओरडून सांगितले, त्यामुळे शेजारच्या दोन घरांनाही आता माहीत आहे. तुम्हाला तेवढे माहीत नसावे हे बरे नाही, म्हणून लिहितो.

शनिवारी हर्षल तिला घ्यायला स्टेशनवर आला. तिने विचारले जेवलास का. तिथून सुरू झाले. संध्याकाळी दोघे पाण्याकडे फिरायला गेले. तिथे त्याने सांगितले की सिन्नरच्या वसाहतीत एका कारखान्यात त्याला जागा मिळते आहे, आणि जवळच दोन खोल्या त्याने बघून ठेवल्या आहेत. पगार दुकानाच्या मानाने काहीच नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीतून शेत दिसते, असे तो तिला म्हणाला. रविवारी तिथून निघाल्यावर तुम्हाला सांगायचे असे दोघांनी ठरवले. ती रात्री आईशी फोनवर बोलली. नवसाबाई सांगते, लग्नाच्या आधी बोलायची तशी बोलली.

सकाळी हॉलमध्ये तिने तुम्हाला चहाच्या आधीच पाहिले. झाडामागे तुमचा चॉकलेटी कोट दिसत होता. हर्षलची पाठ होती, त्याला दिसले नाही. तिने त्याला सांगितले नाही. ती थांबली. तो काय उत्तर देतो ते बघायला थांबली.

ती हसली हे तुम्ही बरोबर ऐकलेत. मला ते ऐकू आले नसते. पण ती तिथून निघून थेट इथे आली आणि ओसरीवर बसली, तिचा चेहरा मला दिसला.

कडीचे तुम्ही लिहिले आहे. तुमच्या घरी त्यांच्या खोलीत दुकानाच्या पावत्यांचे कपाट आहे. तुम्ही केव्हाही येऊन पावती काढता. दार वाजवत नाही, असे ती सात वर्षांत एकदाही आमच्याकडे म्हणाली नाही. मी म्हणतो आहे. दोनदा तुमच्याकडे राहिलो तेव्हा मी पाहिले आणि गप्प बसलो. मुलीचा बाप होतो.

तुम्ही तिथे नसता तरी तो तेच बोलला असता, असे सायली म्हणते. म्हणून माझा तुमच्यावर राग नाही. निम्मा आहे.

सावळीराम

*

नाशिक, २३ जानेवारी २०२४

व्याहीबुवा,

पत्र वाचून दोन दिवस दुकानात गेलो नाही. हे तुम्हाला लागावं म्हणून लिहीत नाही, झालं ते लिहितो.

आधी माझं ऐका. बापाला विचारणं हा गुन्हा कधीपासून झाला? मला विचारायला बाप नव्हता. चौदाव्या वर्षी मी मुकादमाला विचारून जेवायचो. हर्षलला कुणा परक्याला विचारावं लागू नये एवढ्यासाठी ते दुकान उभं केलं. त्याने मला विचारलं, यात मला माझी कमाई दिसली. तिला काय दिसलं ते तुम्ही लिहिलंत तेव्हा कळलं. सिन्नरच्या खोल्यांचं तर मला ठाऊकच नव्हतं. शेत दिसतं म्हणे. आमच्या गच्चीवरून तीन बाजूंना बागा दिसतात.

असो. चूक कळली की सुधारायला मी वेळ लावत नाही, धंद्यात तेच शिकलो. कपाट त्या खोलीतून काढलं. दोन गडी लावून खाली आणलं, आता ते देवघराशेजारी आहे. दाराला आतून नवी पितळी कडी बसवली, मी स्वतः उभा राहून बसवून घेतली, चारपाच वेळा लावून पाहिली. चांगली बसते.

आणि दुसरं. मी परत त्या रिसॉर्टवर गेलो, उज्वलाला घेऊन, कारण एकट्याला आत घेत नाहीत. साधना मॅडमना म्हटलं, कागद काढा. पंचवीस वर्षांचं सभासदत्व घेतलं. त्यांनी सांगितलेल्या भावातून तिसरा हिस्सा पाडून घेतला, मॅडम म्हणाल्या असं गिऱ्हाईक बघितलं नाही. घंटा वाजवू देईना मी त्यांना. दोघांच्या नावाने घेतलं आहे, सौ. सायली आणि श्री. हर्षल. त्या कागदांत माझं नाव कुठेही नाही, पैसे तेवढे माझे. दरवर्षी एक आठवडा, दोघंच, दाराला आतून कडी. पंचवीस वर्षं. आम्ही म्हातारे असू नसू.

सही कुणाची असा प्रश्न निघाला. मी म्हटलं पोरं नंतर येऊन करतील, तोवर पैसे भरणारा म्हणून माझी घ्या. मॅडम नियमाने जाणाऱ्या, त्यांनी उज्वलाकडे बघून पुन्हा तोच प्रश्न विचारला, निर्णय दोघांचा आहे ना. उज्वला म्हणाली, "आमच्यात विचारायची पद्धत नाही." एवढंच. मॅडमना वाटलं गंमत केली. मीही हसलो. गाडीत बसल्यावर मी तिला विचारलं असं का म्हणालीस, तर म्हणाली, "आता विचारताय ते चांगलं आहे."

फाईल सोबत पाठवतो आहे, सायलीच्या हातात द्या. माझ्याकडून आलंय असं सांगू नका. तिळगूळही आहे, उशिराचा.

हिरामण

*

मनमाड, १८ फेब्रुवारी २०२४

रा. हिरामणराव यांस,

फाईल परत पाठवत आहे. तिळगूळ ठेवून घेतला.

सायलीने फाईल उघडली. पहिल्याच पानावर यंदाचा आठवडा मे महिन्यात राखून ठेवल्याचे होते, तारखांसकट. जागा तीच, धरणाजवळची. तुमच्या घरापासून अर्ध्या तासावर. तिने ते आईला दाखवले, फाईल मिटली आणि भाजी निवडायला बसली. रडली वगैरे नाही. रडली असती तर मी तुम्हाला वेगळे पत्र लिहिले असते.

ठराविक दिवसांत रद्द केले तर पैसे परत, असे एका पानावर बारीक अक्षरात आहे. ते दिवस फाईल इथे पोचेपर्यंत संपले होते. मी चष्मा लावून वाचले. तुम्ही भाव पाडण्यात गुंतला होतात.

कडी बसवली ते कळले. चांगले केलेत. पण कडी आतल्या माणसाला लावावीशी वाटली पाहिजे, आणि त्या खोलीत आता एकटा हर्षल झोपतो.

तुमच्याशी माझे वैर नाही. नवसाबाई तुमच्यासाठी अजून लोणच्याची बरणी बाजूला काढते. पण यापुढे मला व्याही म्हणून लिहू नका. सावळीराम म्हणून लिहा, मी उत्तर देईन. याहून जास्त काही सांगायचे असेल तर ते हर्षलने तुम्हाला सांगावे. माझे ते काम नाही.

सावळीराम

*

नाशिक, २५ ऑगस्ट २०२४

सावळीराम,

सहा महिने लिहिलं नाही. तुम्ही व्याही म्हणू नका म्हणालात, मग सुरुवात काय करायची हेच ठरेना. आज नुसतं नाव लिहिलं.

एप्रिलात हर्षल सिन्नरला राहायला गेला. तेच ते कारखान्याचं काम, खोल्याही त्याच, शेत दिसणाऱ्या. मी अडवलं नाही. कपडे, एक गादी आणि स्टोव्ह एवढंच नेलं. मी पिकअप देतो म्हटलं, तो मित्राची घेऊन आला. दुकानात आता मी एकटा बसतो. गिऱ्हाईक विचारतं धाकटे शेठ कुठं, मी म्हणतो बाहेर गेलेत. ते खरंच आहे.

मेमधला तो आठवडा वाया जाऊ द्यायला जीव होईना, म्हणून मी आणि उज्वला जाऊन राहिलो. पाहुणे म्हणून. सभासद आले नाहीत तर त्यांचे पाहुणे चालतात. खोली चांगली आहे. दोन खुर्च्या पाण्याकडे तोंड करून ठेवलेल्या. पहिल्या संध्याकाळी आम्ही दोघं तिथे बसलो. सदतीस वर्षांत अशी दोघंच बसायची वेळ आली नव्हती, सगळीकडे माणसं असायची, मीच गोळा करायचो. काय बोलावं मला कळेना. मी म्हटलं धरणात पाणी कमी झालं. ती हो म्हणाली. मग अंधार पडला तसं मी खुर्च्या आत घेतल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी ती आत गेली, आतून कडी लावली आणि दुपारपर्यंत बाहेर आली नाही. मी दार वाजवलं. दोनदा वाजवलं. तिने आतून सांगितलं, बरी आहे, बसा तुम्ही. मी बसलो.

आतून आवाज येत नव्हता. माझे कान चांगले आहेत, तरी नव्हता.

चौथ्या दिवशी सभासदांच्या माहितीची बैठक म्हणून हॉलमध्ये बोलावलं. आता आणखी पैसे भरा, मोठी खोली घ्या, मुलंबाळं, नातवंडं मावतील अशी. टेबलावर नेमका तो समर्थ होता. त्याने मला ओळखलं नाही. तेव्हा तो हर्षलसमोर बसला होता, मी झाडामागे. त्याने विचारलं कुटुंबात किती जण आहेत सर. मी त्याला चार सांगितलं. मग खोटं पुढे नेता येईना, म्हणून उठलो. तुम्ही पहिल्या पत्रात असंच काहीसं लिहिलं होतं, तेव्हा मी हसलो होतो.

तरी मला वाटत होतं की वेळ आहे. खरं सांगतो. हर्षल वेगळा राहतो, आता बापाची सावली नाही, सूनबाईला जे हवं होतं ते झालं. आज ना उद्या ती सिन्नरला जाईल. मी दोनदा त्या खोल्यांवरून गेलो, गाडी थांबवली नाही, कुणी आलंय का एवढंच बघितलं. बाहेर दोरीवर एकाच माणसाचे कपडे होते.

काल शनिवारी संध्याकाळी हर्षल घरी आला. उज्वलाने पिठलं भाकरी केली होती. जेवताना त्याने सांगितलं की शुक्रवारी कोर्टाने दोघांना मोकळं केलं. आपसातलं, कुणाची कुणावर तक्रार नाही, तिने पोटगी मागितली नाही. सायली तिथून बसने गेली, त्याने तिला स्टँडवर सोडलं. हे तुम्हाला माझ्या आधी कळलेलं असणार.

मी ओरडलो नाही. मला वाटलं होतं ओरडेन. मी विचारलं, हे कधी ठरलं? तो म्हणाला अर्ज फेब्रुवारीच्या सुरुवातीला केला होता, सहा महिने थांबावं लागतं. म्हणजे तुम्ही फाईल परत पाठवलीत तेव्हा अर्ज होऊन गेला होता. मी कागद बघायला मागितला. दोन पानं, खाली दोन सह्या. तिची आधी, मग त्याची. हर्षलची सही मी रोज चेकवर बघत होतो, माझ्या सहीखाली, बारीक, कडेला सरकलेली. इथं मोठी आहे.

मी उज्वलाकडे बघितलं. तिने ताटात भाकरी वाढली आणि म्हणाली, मला त्याने अर्ज केला त्याच दिवशी सांगितलं होतं.

मला विचारलं नव्हतं.

हिरामण